दोन्ही तळव्यांत धरलेला कप

पाहुणे यायच्या आधी यशवंतमामांनी आपल्या सख्ख्या बहिणीला मागच्या खोलीत बसवलं. "मनकर्णा, तू बाहेर नको येऊ. तुहे हात पाहून पोरीचं जमत आलेलं बिनसन."

संधिवातानं बोटं वाकडी झाली, एवढाच तिचा गुन्हा. ती उठून आत गेली. तिच्या मुलीला, दामिनीला, मामाची शिसारी आली. आईला अडगळीसारखं लपवणारा हा माणूस सौंसर गावभर समाजाचा पुढारी म्हणून मिरवायचा. आईला लपवून होणारं लग्न तिला नकोच होतं.

पांढुर्ण्याहून गौतम आणि त्याची आई देवकाबाई आले. जयभीम झाला, पोहे झाले. गौतम औषधांच्या दुकानात माल पोचवायचा, पण ऐट अशी, की सगळी डॉक्टरकी याच्याच खिशात.

"मनकर्णामावशीचा आजार लोकांकडून समजला आमाले," तो म्हणाला. "हा रोग जनुकात असते. प्रतिकारशक्तीचे जनुकं आईकडून पोरीत येतात, मंग शरीर आपल्याच सांध्यावर उठते. दामिनीची तपासणी करून घ्या. जनुक नाही निघालं तर आमची ना नाही."

मामा लगेच नंदीबैलासारखी मान हलवू लागले.

"डॉक्टर म्हणाले, जनुक असलं तरी रोग होईनच असं नाही," दामिनी म्हणाली. "धोका वाढते फक्त. त्यात सिगारेट असली तर आणखीनच." गौतमच्या खिशातून सिगारेटचं पाकीट डोकावत होतं. "तुमी करून राहिले का तपासणी?"

"मी काहून करू? आमच्या घरी हा रोग कोणालेच नाही."

त्याच वेळी देवकाबाईंनी चहा उचलला. कपाचा कान न धरता, दोन्ही तळव्यांत दाबून. दामिनी रोज सकाळी आईला असाच कप धरताना पाहायची.

"काकू, सकाळी मूठ वळत नाही ना तुमची?"

देवकाबाईंचा कप कलंडला. चहा साडीवर सांडला. "थंडीनं हात आखडले, बाई," म्हणत त्यांनी हात पदराखाली घेतले. शहाण्या गौतमला तेही पटलं.

बाहेरची गडबड ऐकून मनकर्णा बाहेर आली. मामांनी डोळे वटारले, पण तिनं आपल्या वाकड्या बोटांनी देवकाबाईंची साडी पुसली. तिच्या हातांकडे पाहून गौतम उठलाच. "निघतो आमी," म्हणाला. दामिनीनं दार उघडून धरलं. बला टळली, असंच तिला वाटलं.

पुढच्या महिन्यात आईला घेऊन ती नागपूरच्या डॉक्टरकडे निघाली, तर सौंसरच्या स्टँडवर देवकाबाई उभ्या. पांढुर्ण्याहून नागपूरला सरळ गाडी असताना त्या गाडीत ओळखीचं कोणी भेटेल या भीतीनं, डॉक्टरला हात दाखवायला निघालेली ही बाई वाकडी वाट करून आली होती. दामिनीला तिची कीव यायला हवी होती. आला तो रागच. आईनं मात्र गाडीत सरकून तिला शेजारी जागा दिली.

गाडी सुटल्यावर देवकाबाई हळूच म्हणाल्या, "गौतमले सांगू नका, बाई. माहे हात पाहून त्याचं लग्न बिनसन."