धक्क्यावरची खडूची रेघ

शर्मिष्ठाबाईंनी सहलीची तयारी अशी केली होती की लग्नघरानेही शिकावं. बस ठरवली, पालकांच्या सह्या घेतल्या, उलटीच्या पिशव्यासुद्धा विसरल्या नाहीत. आणि एवढं सगळं करून भरतीची वेळ बघायची राहिली. मागच्याच आठवड्यात चौथीला भरती-ओहोटी शिकवली होती बाईंनी. आता बोला!

बोरिवलीच्या त्यांच्या शाळेची सहल दरवर्षी वॉटर पार्कला जायची. यंदा बाई मुख्याध्यापक विद्याधर सरांशी चक्क भांडल्या. त्याचं कारण असं, की तिवराची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात, असं त्यांनी वर्गात सांगितलं आणि पोरं खो खो हसली. मुळं कधी वर येतात का? बाईंना ते लागलं. पोरांना गोराईच्या खाडीवर नेऊन दाखवायचंच, असा त्यांनी हट्टच धरला. सर शेवटी म्हणाले, "ठीक आहे, मीही येतो. सहल फुकट गेली, तर पुढच्या वर्षीपासून परत वॉटर पार्क. मग कुरकुर नको."

पोरं धक्क्यावर पोचली तर काय, तिवरं गळ्यापर्यंत पाण्यात. मुळं सोडाच, चिखलाचाही पत्ता नाही.

"वाट लागली," यज्ञेश म्हणाला. बाईंच्या मनातही नेमके तेच दोन शब्द होते. सरांनी नुसतं घड्याळात पाहिलं, ते जास्त झोंबलं.

तेवढ्यात संघमित्राने बाईंची ओढणी ओढली. ही वर्गातली प्रश्नांची पोतडी. "बाई, आज पौर्णिमा आहे. सकाळीच आई पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला गेली."

"बरं, मग?"

"पौर्णिमेला भरती मोठी असते, तुम्हीच सांगितलंत ना. मग पाणी उतरेल पण खूप. थांबूया ना."

बाई बघतच राहिल्या. हेच उत्तर त्यांनी पोरांकडून घोकून घेतलं होतं, आणि आज पोरीने ते कामाला लावलं होतं. त्यांनी पर्समधून खडू काढला, दोन पायऱ्या उतरल्या आणि पाण्याच्या जरा वर कोरड्या दगडावर रेघ मारली. "ह्या रेघेवर लक्ष ठेवा रे. जागचं हलायचं नाही."

पोरांनी डबे उघडले. पोळीभाजी खाता खाता पाणी वर आलं आणि रेघ पुसून गेलं. सर खाकरले. तरी बाईंनी वरच्या दगडावर दुसरी रेघ मारली. हट्टी बाई, दुसरं काय!

दुसऱ्या रेघेला पाणी शिवलंच नाही. पोरं टक लावून बसली होती. "पाणी थांबलं, बाई," गार्गी म्हणाली. मग कितीतरी वेळाने यज्ञेश म्हणाला, "उतरतंय यार. दगड ओला आहे, पण पाणी खाली आहे."

बस निघायची वेळ झाली. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. बाईंनी सरांकडे पाहिलं, विचारायची हिंमत होईना. सर उठले, बसकडे गेले. संपलं सगळं, असं वाटून बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

सर परत आले आणि बूट काढून पायरीवर बसले. "एक तास थांबायला सांगितलंय. आईबापांनाही निरोप धाडला. आता मलाही बघायचंय."

पाणी उतरत गेलं तसा तिवरांखालचा चिखल उघडा पडला, आणि त्यात पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी शेकडो मुळं, टोकं आभाळाकडे करून उभी. कोणी हसलं नाही. यज्ञेश हळूच म्हणाला, "खरंच वर आहेत, बाई."

"मी काय सांगत होते," बाई म्हणाल्या.

बसमध्ये चढताना सर थांबले. "बाई, पुढच्या वर्षी तिसरीलाही आणा इथे. फक्त तारीख तुम्ही ठरवू नका." त्यांनी संघमित्राच्या डोक्यावर हात ठेवला. "हिला विचारा."