चार बाइटांचा घास

विदर्भातल्या देवळीत रामाजींसमोर कुणालाही प्रश्न विचारा, उत्तर रामाजीच देत. पंचायत समितीतून ते निवृत्त झाले होते, पण ही नोकरी काही सुटली नव्हती. त्यात वाईट हेतू नसे. सगळी माणसे आपल्यासारखीच असतात, यावर त्यांचा गाढ विश्वास होता.

त्यांची सून पौर्णिमा पुण्याच्या एका कंपनीचे काम घरूनच करी. चालू प्रोग्रामच्या पोटात डोकावून त्याचे दुखणे शोधणारा डीबगर तिने स्वतः लिहिला होता. आता कंपनी म्हणत होती, वर्षभर पुण्यात येऊन टीम सांभाळा, आज संध्याकाळपर्यंत कळवा. तिला जायचे होते, अगदी मनापासून. पण रामाजी आठवडाभर साऱ्या गल्लीला सांगत सुटले होते, "माही सून नाई जात कुठी. तिले देवळीतच करमते." सांगताना त्यांचा चेहरा इतका खुले, की पौर्णिमा विषयच काढत नसे. "तू सांग ना बाबाले," असे तिचा नवरा राकेश म्हणे. स्वतः सांगायचे म्हटले, की बापासमोर तोही पावसापाण्याचे बोले.

तशात त्याच दिवशी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातला वजनकाट्याचा प्रोग्राम अडला. कॉम्प्युटर नवा, प्रिंटर नवा, प्रोग्राम मात्र जुनाच, आणि तो सारखा मान टाकू लागला. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत खोळंबल्या. मॅनेजर नानाजी हे रामाजींचे दोस्त. "माही सून पाच मिन्टात करते," असे फोनवर सांगून रामाजी तिला स्कूटरवर घेऊन हजर झाले.

पौर्णिमाने डीबगर लावला. समोर आले ते अवाढव्य, निरर्थक आकडे. मेमरीतला म्हणून जो पत्ता दिसे, तिथे काहीच नसे. पाच मिनिटे केव्हाच सरली.

"सूनबाई चहा घेते ना?" नानाजींनी रामाजींना विचारले.

"घेते ना! काऊन नाई घेत?"

पौर्णिमाला चहा आवडत नसे. तिने मुकाट्याने कप घेतला.

"अन् थे पुण्याचं काय झालं म्हणे?"

"काई नाई. नाई म्हन्ते थे."

पौर्णिमा त्या दोघांच्या मधोमध बसली होती. तिला भयंकर राग आला. बाबा स्वतःवरूनच माझे माप काढतात! आणि मग तिची बोटे कीबोर्डवर थांबली. तिचा डीबगर तरी दुसरे काय करत होता?

तो चौसष्ट बिटांचा, कॉम्प्युटरही चौसष्ट बिटांचा. तेव्हा आत चालणारी प्रोसेसही, म्हणजे वजनकाट्याचा तो चालू प्रोग्राम, एका घासाला आठ बाइट खात असणार, असे त्याने परस्पर धरले होते. ती बिचारी जुनी, बत्तीस बिटांची, चार बाइटांच्या घासाची. तिचे शेजारशेजारचे दोन पत्ते एकमेकांना चिकटवून डीबगर तिसराच, कुठेही नसलेला पत्ता वाचत होता. तिला कुणी विचारलेच नव्हते. खरे तर ती कधीची सांगायला तयार होती. त्या लिनक्स कॉम्प्युटरवर प्रोसेस ज्या फाइलमधून उठते, त्या फाइलच्या पाचव्या बाइटमध्येच खूण असते: एक म्हणजे बत्तीस, दोन म्हणजे चौसष्ट. पौर्णिमाने डीबगरला आधी ती खूण बघायला लावली.

एक!

आकडे सरळ झाले आणि दुखणेही दिसले. नव्या प्रिंटरचे नाव इतके लांबलचक होते, की ते ठेवायला जुन्या प्रोग्रामकडे जागाच पुरत नव्हती. तिने नाव छाटून आखूड केले. पावती निघाली, गाड्या हलल्या.

"पाह्यलं?" रामाजींची छाती फुगली. "म्हून म्हन्तो, नाई जात थे पुण्याले."

"बाबा, मले जायचं हाय."

नानाजींनी रिकामा कप उगाच तोंडाला लावला.

"मले इथं करमते," रामाजी हळूच म्हणाले. "मले वाटलं, तुले बी..."

"मले बी करमते, बाबा. तरी जायचं हाय."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. रामाजींनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग खिशातून मोबाइल काढला.

"राकेश? पौर्णिमा पुण्याले जाऊन राह्यली. वर्षभर. हो, ठरलं." फोनवर तळहात ठेवून ते तिच्याकडे वळले. "लय खुश हाय तो."

"काय म्हणाले ते?"

"अजून काई बोलला नाई."