बशीरभाईंची कॉपी

“अजून तीन तास दाखवून राह्यलं, सुखीबाई.”

“तीन तास? पाचची जीप गेली तं तांड्यावर कशी जाऊ मी? उद्या हळद हाय पोरीची!”

बशीरभाई ओशाळले. दारव्ह्याच्या बसस्टँडमागे तीस वर्षं त्यांचं दुकान. आधी कॅसेटी भरून द्यायचे, आता पेनड्राइव्ह. सुखीबाईंच्या जुन्या पेनड्राइव्हमध्ये त्यांच्या सुनेचे, बबिताचे व्हिडिओ होते. सासरी निघताना बंजारा नवरी रडत रडत गाते तो ढावलो, मरण्याआधी तिनं आपल्या लेकीसाठी, ममतासाठी गाऊन ठेवला होता. ममता त्यावरूनच शिकत होती. पण पेनड्राइव्ह मधेच बंद पडू लागला होता, तो पुरता बसण्याआधी नव्यावर उतरवायचा होता.

बशीरभाईंनी वायर बदलली, पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लावून पाहिला. काही फरक नाही. शेवटी यवतमाळला लेकीला, नुजहतला फोन लावला. या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स तिनंच टाकून दिलं होतं.

“अब्बू, त्याच पेनड्राइव्हवरचं काही वाजून राह्यलं का?”

वाजत होतं तर! ऐकल्याशिवाय एकही कॅसेट त्यांनी कधी गिऱ्हाइकाला दिली नव्हती. त्याच सवयीनं कॉपीबरोबर त्यांनी बबिताचा आवाजही लावून दिला होता.

“ते बंद करा आधी. जुना पेनड्राइव्ह दोन दोन कामं कशी करंल?”

सुखीबाई स्पीकरला कान लावून बसल्या होत्या. बशीरभाईंच्या जिवावर आलं.

“हे बंद करा लागते, सुखीबाई. याच्यानंच रखडलं.”

“घरी ममता आयकते तं मी वावरात निघून जातो. तिच्यासमोर कशी रडू? आज पहिल्यांदा आयकून राह्यली.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “करा बंद. पोरीले पाहिजे ते.”

स्क्रीनवरची कॉपीची पट्टी सरसर पुढं गेली. ती भरताच सुखीबाईंनी पेनड्राइव्हला हात घातला.

“थांबा! पट्टी भरली तरी आत लिहिणं चालू असते. आता काढलं तं सारं जाईन.”

काढायला हरकत नाही, असा निरोप स्क्रीनवर आला तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. बशीरभाईंनी नव्या पेनड्राइव्हवरचा ढावलो लावला, आवाज मोठा केला आणि बाहेर येऊन शटर अर्धं ओढलं.

आतून बबिताचा आवाज आला. मग त्यात दुसरा, फाटलेला आवाज मिसळला.

रिचार्जला आलेला एक जण खाली वाकून डोकावू लागला. बशीरभाई त्याला आडवे आले.

“थांब जरा. कॉपी चेक करून राह्यलो.”