चित्रातली माणसं

मेहकरकडच्या एका गावात मुलींची शाळा होती आणि शाळेत शिकवायला एकट्या अन्नपूर्णाबाई. एके सकाळी त्यांनी नागपूरहून आलेलं मोठं चित्र भिंतीवर टांगलं. त्यात चिनी, हबशी, इंग्रज, अरब अशी देशोदेशीची माणसं होती. पोरी हबशी बघून खिदळल्या, तशा बाई कडाडल्या, "हसता काय? रंग वेगळा, जेवण वेगळं, देव वेगळा. पण माणूस सगळीकडे सारखाच!" पोरींनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर बाईंना आपलं बोलणं भारीच आवडलं.

संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर भुलाबाईची गाणी व्हायची. रोज एकीच्या घरून झाकलेल्या डब्यात खिरापत यायची. डबा हलवायचा, आत काय ते ओळखायचं, मग खायचं. आज हबीब पिंजाऱ्याच्या गुलनारची पाळी होती. पोर पंधरा दिवसांपासून या पाळीकडे डोळे लावून बसली होती.

डबा धडधड वाजला. "लाडू!" "नाही." "करंज्या!" "नाही." पोरी हरल्या. झाकण उघडलं, तर आत अख्खे पेरू!

"अवो माय!" सगळ्यांत धाकटी गीता म्हणाली. "हे तं झाडावरचंच हाय. तुह्या मायनं काही रांधलं नाही काऊन?"

"अम्मी शेवया करून राह्यली होती," गुलनार म्हणाली. "पण दुपारी बाईंचा निरोप आला. आमच्या घरचं रांधलेलं तुमाले चालत नाही, अख्खं फळ आण म्हणे." पाढा म्हणावा तसं तिनं ते सांगून टाकलं.

सगळ्या पोरी बाईंकडे वळल्या. निरोप बाईंनीच धाडला होता. पिंजाऱ्याच्या घरचं रांधलेलं पोरींनी खाल्लं हे त्यांच्या आयांना कळलं तर त्या पोरी घरी बसवतील, शाळा मोडेल, ही धास्ती.

गीतानं विचारलं, "बाई, मंग सकाळचं ते चित्रातल्याच मानसायचं होतं काय?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेरू वाटून झाले, तशा त्या गुलनारचा हात धरून थेट तिच्या घरी गेल्या. तिची आई सरवरी दारात गोंधळून उभी राहिली.

"उद्याची पाळीही गुलनारचीच," बाई म्हणाल्या. "शेवयाच पाठवा."

"कोनी खाल्ल्या नाही तं? पोर रडन माही."

"मी खाईन."

दुसऱ्या दिवशी डबा वाजलाच नाही, नुसता घमघमला. झाकण उघडताच दोघी पोरी उठून घराकडे निघाल्या. बाईंनी त्यांना अडवलं नाही. बाकीच्या पोरींची नजर बाईंच्या हातावर होती, गुलनारचीही. बाईंनी द्रोणात शेवया घेतल्या आणि सगळ्यांसमोर सावकाश खाल्ल्या.

"बाई," गीता हळूच म्हणाली, "आता चालते?"

"चालतं गं. कालही चालत होतं. मीच भ्याले होते."

गीतानं आपला द्रोण गुलनारपुढं केला. "मले जास्त वाढ वं," ती म्हणाली, "त्या दोघीयच्या वाट्याच्याही."