एकशे एक्याऐंशी अंशांचा त्रिकोण

सन दोन हजार सतरा, वैशाख महिना. बेंगळुरूत त्या उन्हाळ्यात गल्लोगल्ली पाण्याचे टँकर फिरत होते. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका शेडमध्ये नागनाथ नावाच्या फिटरने माझ्या चौकटीचा शेवटचा स्क्रू आवळला, काचेवर बोट फिरवून पाहिलं आणि पाठीवर थाप मारली. तो माझा जन्म.

मी फळा आहे. खडूचा नव्हे, काचेचा. लोक स्मार्ट बोर्ड म्हणतात. मला ते नाव पसंत नाही. फळा म्हणा.

विद्या माझ्याकडे फार नाही. आजकालचे बोर्ड गाणी म्हणतात, सिनेमे दाखवतात, विचाराल ते सांगतात. मला फक्त भूमिती येते. त्रिकोण काढा, त्याचं टोक बोटाने धरून हवं तिकडे ओढा. टोक हलेल तसे मी कोन मोजतो आणि सांगतो. एवढंच येतं, पण चोख येतं.

मल्लेश्वरमच्या एका कोचिंग क्लासने मला पहिल्यांदा घेतलं. वर्गात नाही, जिन्यापाशी लावलं. पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो दिवसभर दाखवायचे, हे माझं काम. आईबाप यायचे, फोटो बघायचे, फी भरून जायचे. त्रिकोण एकानेही काढला नाही. मग साथ आली, क्लास बंद पडला. मालकाने मला यशवंतपूरच्या एका शाळेला दान केलं. देताना स्वतःचा फोटो काढून घ्यायला विसरला नाही.

ही शाळा मार्केटच्या मागे. इथल्या जुन्या मराठी मंडळींनी काढलेली. पोरं घरी मराठी बोलतात, रस्त्यावर कन्नड आणि भांडताना हिंदी. पण इथेही माझे दिवस बरे गेले नाहीत, आणि कारण ऐकाल तर हसाल. मी पूजेने मेलो.

या गावात दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते. लेथ, रिक्षा, काँप्युटर, ज्यावर पोट चालतं त्याला गंध-कुंकू लावायचं आणि दारात कोहळा फोडायचा. शाळेचा शिपाई परसू मोठा भाविक. त्याने माझ्या चौकटीला खालच्या कोपऱ्यात ओल्या कुंकवाचे दोन जाड ठिपके लावले आणि हात जोडले.

आता माझी घडण सांगतो. माझ्या चौकटीत इकडून तिकडे न दिसणारे किरण जातात. बोट आडवं आलं की मला कळतं, कुठे स्पर्श झाला. त्या कोपऱ्यात कुंकू वाळलं. मला वाटे, कोणी तिथे बोट दाबूनच उभं आहे. बाकीचा स्पर्श कळेना. कंपनीच्या माणसाने फोनवर व्हिडिओ बघितला आणि सांगितलं, "पॅनल गेलं. नवीन घ्या." मला खेळाच्या चटयांमागे उभं केलं. माणसं यंत्राची पूजा करतात, पुसत मात्र नाहीत.

तिथून मला महानंदाने काढलं.

महानंदा अथणीकडची. गणिताची नवी शिक्षिका, एका वर्षाच्या बोलीवर आलेली. काम पटलं तर ठेवू, नाही तर घरी. तिने मला सुरू केलं, खूप वेळ बघत बसली. मग कानात घालतात तो कापूस पाण्यात बुडवला आणि चौकटीची कड पुसू लागली. कापूस लाल झाला.

"परसू, हे तुझं काम काय रे?"

"देवाचं कुंकू आहे, अक्का. मी काय वाईट केलं?"

"वाईट नाही केलंस. पुढल्या वर्षी पाठीला लाव. तिकडे त्याला दिसत नाही."

तिने बोट ठेवलं आणि मला ते कळलं. सातवीच्या वर्गात मी भिंतीवर चढलो आणि जन्मात पहिल्यांदा त्रिकोण दाखवला. पोरं रांग लावून ओढायची. कितीही ताणा, चपटा करा, तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी. पोरं चिडायची, पुन्हा ओढायची. मी हटलो नाही. असे दिवस ज्याने दाखवले त्याचं देणं लागतं. मी महानंदाचं देणं लागत होतो.

मुख्याध्यापिका सुनंदाबाई पुण्याच्या. त्यांना हे पटेना. "पोर्शन कोण पूर्ण करणार? आठवडा झाला, तुम्ही एकाच त्रिकोणात अडकलाय." तक्रार संस्थेकडे गेली. फेब्रुवारीत संस्थेची माणसं तास बघायला येणार, आणि महानंदा राहणार की जाणार ते त्याच दिवशी ठरणार, असं झालं.

ते आले. मागच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले. त्यात पुरुषोत्तमअण्णा, संस्थेचे अध्यक्ष. गांधीनगरात त्यांचं भांड्यांचं दुकान. महानंदाने त्रिकोण काढला, ओढून दाखवला. बेरीज बरोबर आली.

"स्वल्प थांब गं," अण्णा म्हणाले. "तुझं यंत्र तू सांगशील तेच दाखवणार. गिऱ्हाइकाला मीसुद्धा हवं तेच भांडं पुढे करतो. मी ओढतो."

ते उठले. जाड बोटाने टोक धरलं, थोडं हलवलं आणि सोडलं. मी आकडे दाखवले. एकसष्ट, साठ, साठ.

अण्णांनी बेरीज केली. मग पुन्हा केली. "एकशे एक्याऐंशी."

वर्ग फुटला. पोरं बाक बडवू लागली. "टीचर, बोर्ड झोल करतोय!" सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "बघा अण्णा. मी म्हणत होते."

मला राग आला. खरे आकडे माझ्या पोटात होते. पण जेवढं बोलायची परवानगी तेवढंच मी बोलतो. पोरं पॉइंट बघून घाबरतात म्हणून महानंदानेच दशांश बंद करून ठेवले होते. रोज पोरं ओढत तेव्हा टोक पूर्ण अंशांवरच थांबेल असं ती लावून देई, म्हणून हे कधी उघडं पडलं नव्हतं. त्या दिवशी ते लावायचं राहिलं, तिने स्वतः मात्र मोजूनमापून ओढलं. अण्णांच्या बोटाला मोजमाप नव्हतं.

तिचा चेहरा उतरला. "यंत्र बिघडलंय" म्हणाली असती तर सुटली असती. टोक जरा सरकवलं असतं तरी चाललं असतं. तिने टोकाला हात लावला नाही.

"चूक कुणाची?" तिने वर्गाला विचारलं.

"बोर्डाची!"

"अण्णांची!" मागून एक आवाज. अण्णांनी वळून बघितलं.

आर्या नावाची मुलगी उभी राहिली. "टीचर, तो सगळं दाखवत नाहीये. काहीतरी लपवलंय."

"बरोबर. मी लपवलंय. तुम्ही पॉइंटला घाबरता म्हणून. आता घाबरायचं नाही." तिने दशांश उघडले.

साठ पॉइंट सहा. एकोणसाठ पॉइंट सहा. एकोणसाठ पॉइंट आठ.

सगळा वर्ग ओठ हलवत बेरीज करू लागला. आर्या आधी ओरडली, "एकशे ऐंशी! टीचर, तिघेही वर ढकलले गेले. थोडं थोडं करून एक जास्त झाला!"

"मग खाली ढकलले तर?" महानंदा म्हणाली. "एकशे एकोणऐंशी दाखवणारा त्रिकोण सापडेल? शोधा."

मग काय सांगू. माझ्यापुढे झुंबड उडाली. एक ओढतो, दुसरा बेरीज करतो, तिसरा म्हणतो, "सरक ना, तुला येत नाही." अण्णा बाजूला झालेच नाहीत. पोरांच्या मधून हात घालून तेही ओढत होते. "ए, माझी पाळी आहे अण्णा," असं एकाने त्यांना ऐकवलं, आणि अध्यक्ष मुकाट्याने मागे सरले.

त्यांची पाळी आली तेव्हा जीभ दाताखाली धरून त्यांनी टोक केसभर हलवलं. साठ पॉइंट चार, साठ पॉइंट चार, एकोणसाठ पॉइंट दोन. त्यांनी महानंदाकडे बघितलं. तिने दशांश झाकले. साठ, साठ, एकोणसाठ.

"सिक्तु!" अण्णा ओरडले. "सापडला! एकशे एकोणऐंशी!"

पोरांनी टाळ्या पिटल्या. माझ्या काचेवर सगळ्यांच्या बोटांचे घामट ठसे उमटले होते. कोणी पुसले नाहीत, आणि त्या दिवशी मला ते पुसून नकोही होते.

घंटा झाली. कोणी उठेना. सुनंदाबाई म्हणाल्या, "अण्णा, तो पोर्शनचा विषय..."

"थांबा हो. एकशे ब्याऐंशी येतो का बघतोय."

"येत नाही, अण्णा," महानंदा म्हणाली. "का येत नाही, ते आठवीत सांगते."

"आठवीत?"

"ठेवलंत तर."

अण्णांनी बोट माझ्यावरून काढलं, धोतराला पुसलं. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "जूनपासून आठवी तुझी."

माझं देणं फिटलं.