चौथ्या प्रेसची चावी

"चावी ह्याच्याकडं द्यायची असंल तर मी खाली उतरत नसतो, मॅडम. माझी चावी धरणारा सुजित आज रजेवर आहे. उद्या येईल, उद्या करू."

दुरुस्ती विभागातल्या लक्ष्मणरावांनी हे तिथे नव्याने लागलेल्या सयाजीच्या देखतच सांगितले. चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांचे पत्रे घडवणाऱ्या चार प्रेस होत्या. त्यांपैकी चौथीच्या खालच्या खड्ड्यात तेल गळत होते आणि सकाळपासून ती बंद होती. सुरक्षेचे काम पाहणाऱ्या निशिगंधा मॅडमनी हातातला फॉर्म लक्ष्मणरावांपुढे धरला.

"उद्या चालणार नाही. सयाजींची उमेदवारीची तीन महिन्यांची मुदत आज संपते. ह्या रकान्यात एका तरी जोडीदाराची सही लागते, नाहीतर संध्याकाळी त्यांना गेटवर पास जमा करावा लागेल."

रकान्यात एकच वाक्य छापलेले होते : 'ह्या माणसाच्या हाती चावी देऊन मी खड्ड्यात उतरलो आहे.'

दुरुस्तीपूर्वी यंत्राच्या मुख्य स्विचला कुलूप लावावे, हा नियम सर्वत्रच असतो. इथल्या खड्ड्यात मात्र सरपटत काम करावे लागे आणि खिशातली चावी तेलात पडे. म्हणून ती सांभाळण्यासाठी वर एक माणूस उभा राही. आतला माणूस बाहेर येईपर्यंत त्याने मूठ उघडायची नाही, जागा सोडायची नाही आणि दर पाच मिनिटांनी नाव घेऊन हाक मारायची. तेवढे काम सयाजीला तीन महिन्यांत कोणी एकदाही दिले नव्हते.

कारण सर्वांना ठाऊक होते. चऱ्होलीचा सयाजी सतरा वर्षे सैन्यात होता. गेल्या वर्षीच्या लढाईत तो शत्रूच्या हाती सापडला आणि त्रेपन्न दिवसांनी सुटला. सुटकेचा फोटो घरोघर पोहोचला. लोकांचा तर्क असा : कैदेत हाल होतात, हाल झालेला माणूस रोडावतो, सयाजीचा चेहरा तर चांगला भरलेला दिसत होता आणि अंगात कोरा स्वेटर होता. ज्याअर्थी त्यांनी त्याला पोसले, त्याअर्थी त्यानेही त्यांना काहीतरी दिले असले पाहिजे. सैन्याने रीतसर चौकशी करून त्याला निर्दोष ठरवले होते. ते पत्र त्याच्या बायकोने, भाग्यश्रीने, कपाटात जपून ठेवले होते. ते फलकावर लावा, असे मॅडमनी दोनदा सुचवले, तेव्हा सयाजीचे उत्तर ठरलेले होते : "कागद बगून चावी द्यायची आसंल, तर नगं मॅडम."

"लक्ष्मणराव, एक सांगा," मॅडम आता म्हणाल्या, "हे स्वतः खड्ड्यात किती वेळा उतरले?"

"उतरला असंल की. मोजतंय कोण?"

"परवाने मीच देते. एकोणचाळीस वेळा. आणि प्रत्येक वेळी चावी कोणाकडे होती?"

एकोणचाळीसपैकी निदान वीस वेळा ती लक्ष्मणरावांच्याच मुठीत होती. ज्याच्यावर आपला विश्वास नाही, तो माणूस आपल्या विश्वासावर पुन्हा पुन्हा खड्ड्यात शिरतो, ही गोष्ट त्यांच्या तर्कात कुठेच बसत नव्हती. परंतु ती घडलेली होती, आणि घडलेल्या गोष्टीला तर्काने नाकारता येत नाही.

गळती सिलिंडरमागच्या फटीत होती. सयाजीचे खांदे तिथे मावत नव्हते; लक्ष्मणराव काटकुळे. त्यांनी स्विचला कुलूप लावले.

"फौजी, एक विचारू? खरं सांग. फोटोत तोंड येवढं भरलेलं कसं काय रे?"

"सूज व्हती," सयाजी म्हणाला. "पोटात काय न्हाई म्हनल्यावर येती. पायावर बी व्हती. बूट चढंना, म्हनून त्या थंडीत चप्पल घालून आलो. फोटोत हाय बगा."

लक्ष्मणरावांनी तो फोटो गावाकडच्या निम्म्या लातूरला पाठवला होता. पायांकडे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"बघू," एवढेच ते बोलले. चावी त्यांनी हातात दिली नाही. स्विचच्या पेटीवर ठेवली आणि शिडीवरून उतरले. सयाजीने ती उचलून मुठीत घेतली.

"लक्ष्मणराव?"

"आहे."

दहा-बारा मिनिटे अशीच गेली. मग लाइनचा सुपरवायझर अजिंक्य लगबगीने आला.

"भाऊ, चावी द्या. चार वाजता डिस्पॅचची गाडी निघते. मला फक्त साचा बाहेर घ्यायचाय, प्रेसची वरची स्लाइड एक फूट उचलतो. दोन मिनिटं."

"मानूस आत हाय."

"माहितीये राव. त्यांना बाजूला व्हायला सांगतो की."

"वर आल्यावर."

"माझ्या जबाबदारीवर द्या."

"न्हाई, साहेब."

शेजारच्या प्रेसवरची माणसे काम थांबवून पाहू लागली. त्यांच्यादेखत झालेला नकार अजिंक्यला झोंबला.

"कमाल आहे. तिकडं त्रेपन्न दिवसांत सगळं देऊन आलात म्हणे, आणि इथं एक चावी सुटत नाही?"

कोणी हसले नाही. सयाजीने मान वळवली. पण ती खड्ड्याकडे.

"लक्ष्मणराव?"

खालून उत्तर यायला ह्या वेळी थोडा वेळ लागला. "आहे."

मग सयाजी शांतपणे म्हणाला, "साहेब, तिकडं बी रोज मागायचे. तुमी त्यांच्या मानानं लई नरम मागताय."

आता मात्र माणसे हसली. अजिंक्यही ओशाळून हसला आणि घड्याळ पाहत तिथेच उभा राहिला.

अर्ध्या तासाने लक्ष्मणराव वर आले. कपाळावर तेलाचा ओघळ, श्वास लागलेला. गळती थांबली होती.

"साहेब," ते अजिंक्यला म्हणाले, "खाली सगळं ऐकू येतंय बरं का."

त्यांनी मॅडमकडून फॉर्म मागून घेतला. रकान्यातले वाक्य सावकाश वाचले आणि पेटीवर टेकवून सही केली. कागदावर अंगठ्याचा काळा ठसा उमटला. मॅडमनी तो पुसला नाही. मग लक्ष्मणरावांनी हात पुढे केला, सयाजीने मूठ उघडली आणि चावी त्यांच्या स्वाधीन केली. आता कुलूप काढायचे, प्रेस चालू करायची. सगळे त्याच तयारीत होते.

लक्ष्मणराव कुलपापाशी थबकले.

"पाना राहिला खाली," ते म्हणाले.

ते परत आले. सयाजीचा उजवा हात त्यांनी ओढून घेतला, तळव्यावर चावी ठेवली, आपल्या तेलकट हाताने त्याची बोटे मिटवली आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा शिडी उतरू लागले.

पाना त्यांच्या कमरेच्या पट्ट्यालाच अडकवलेला होता. सयाजीला तो दिसला, मॅडमनाही दिसला.

सयाजी आपल्या जागी ताठ उभा राहिला.

"लक्ष्मणराव?"

"आहे रे, सयाजी," खालून आवाज आला. "आहे."