'दगडी भिंत'ची नवी आवृत्ती

"माझा फोटो का उतरवलास?" रंगनाथनी विचारलं.

"भिंतीला पोपडे आलेत, आबा." सुदर्शनने वडिलांचा वर्दीतला फोटो कपाटामागे सरकवला.

"पोपडे छतालाही आलेत. तेही उतरव."

सुदर्शनने गिटार बाहेर काढली. थोड्याच वेळात वल्लरी नावाची पत्रकार येणार होती. त्याचा 'दगडी भिंत' हा वीस वर्षांपूर्वीचा अल्बम आता तबकडीवर पुन्हा निघत होता. येरवड्याच्या तुरुंगावरची मराठी ब्लूज-रॉक गाणी. रंगनाथ त्याच तुरुंगातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गाण्यांतले प्रसंग त्यांनीच जेवताना सांगितले होते. पण पहिल्याच इंग्रजी परीक्षणात कुणीतरी लिहिलं, हा कैद्याचा मुलगा आहे, म्हणून याची गिटार अशी रडते. सुदर्शनने ते खोडून काढलं नाही. पुढे इंग्रजीत तेच छापून येत राहिलं. नंतरचे अल्बम कुणी ऐकले नाहीत. गिटारच्या शिकवण्या, हॉटेलांतले कार्यक्रम, सगळं त्या एका अल्बमच्या नावावर चाललं. आबा इंग्रजी वाचत नव्हते.

वल्लरी आली. चहा झाला. सुदर्शनला जे नको होतं तेच तिने काढलं.

"काका, प्रश्न जरा सेन्सिटिव्ह आहे. विचारू?"

"विचार की."

"सर लहान असताना तुम्ही आत शिक्षा भोगत होता. ते भेटायला यायचे, तेव्हा काय वाटायचं?"

सुदर्शन मांडीवरच्या गिटारची खुंटी पिळू लागला. तार आधीच सुरात होती. रंगनाथनी मुलाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे.

"जाळीपलीकडं लेकरू उभं असलं," ते सावकाश म्हणाले, "की बाप मान वर करत नाही."

असे बाप त्यांनी नोकरीभर पाहिले होते, जाळीच्या कडेला पहाऱ्यावर उभं राहून.

"आणि गुन्हा काय होता, काका?"

"तेवढं राहू दे."

"आबा..." सुदर्शन म्हणाला.

"तिला आपला फोटो काढायचाय ना? चल, ऊठ."

वल्लरीने दोघांना भिंतीपाशी उभं केलं. फोटोच्या जागी जुन्या रंगाचा गडद चौकोन उरला होता.

"काका, थोडं डावीकडे या ना. सरांच्या जवळ."

"इथंच बरंय."

रंगनाथ त्या चौकोनाच्या बरोबर पुढे सरकले आणि तो झाकला गेला. कॅमेरा वर होताच सवयीने त्यांच्या टाचा जुळल्या. मान मात्र त्यांनी खाली घातली.